दुखवटा काढून द्या, म्याडम

आबा, आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की राग शिल्लक राहायला नको होता. पण आज दुपारी माझ्या ऑफिसात एक माणूस थेट तुमच्यासारखा बोलला आणि माझं डोकंच फिरलं.

ऑफिस म्हणजे कुसगावात किराणा दुकानाच्या वरची एक खोली. बाहेर 'लाइफ कोच' अशी पाटी आहे. ती वाचून लोक दहावीच्या गणिताचा क्लास आहे का म्हणून विचारायला येतात, ते एक वेळ परवडलं. माझ्याकडे खरं तर अशी माणसं येतात, ज्यांना नोकरी सोडून स्वतःचं काही उभं करायचंय, पण धीर होत नाही. मी त्यांना प्रश्न विचारते, पुढं काय करणार ते त्यांच्याच तोंडून काढून घेते आणि केलं की नाही म्हणून मागे लागते. एवढंच माझं काम. माणूस आतून मोडला असेल, जेवण तुटलं असेल, झोप उडाली असेल, तर तिथं माझा उपयोग नाही. तिथं समुपदेशक लागतो, तेवढ्यासाठी शिकलेला, मागचं दुखणं घाई न करता ऐकणारा. हे सांगून सांगून माझा घसा सुकला, आबा. तरी सासरी अजून म्हणतात, हिला लोकांची समजूत काढायची नोकरी आहे!

तर आज वडगावच्या पलीकडच्या एका गावातून एक जण भावजयीला घेऊन आला. आंबी गावातल्या कारखान्यात कामाला आहे, अंगावर अजून कंपनीचाच शर्ट होता. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे हिचा नवरा, दिवाळीच्या आधी अपघातात गेला. ती बोटाला पदर गुंडाळत बसली आणि बोलला तो.

"म्याडम, दुखवटा कवाच निघाला. माहेरच्यांनी साडी आनली, गोडाचं जेवान झालं, समदं रीतीनं झालं. तरी ही भरल्या ताटावरनं उठती. पोरांकडं ध्यान न्हाई. तुमी दोन शब्द सांगा आन् हिला कामाला लावा."

दोन शब्द! गावात कुणाच्या घरी काही बिनसलं की तुम्हालाही असंच बोलावणं यायचं. "आबा, जरा दोन शब्द सांगा." तुम्ही चहा पिऊन विचारायचात, "झालं ते झालं. उद्या काय करनार, ते सांग." आणि माणसं खरंच उठायची, रुसलेला भाऊ वाटणीला बसायचा, नापास झालेला पोरगा पुन्हा फॉर्म भरायचा. मी आज जे करते तेच तुम्ही करायचात आणि झकास करायचात, हे मला कबूल आहे. पण माझा धाकटा भाऊ तापानं गेला, तेव्हाही तुम्ही आईला तेच विचारलंत. मामांनी दुखवट्याची साडी आणली, आईनं ती नेसली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "लावनी खोळंबलीय. ऊठ." ती उठली. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. नाव निघायचं ते गोठ्यात. धार काढताना आई म्हशीशी बोलायची, त्याच्याबद्दल. मी दुधाची कासंडी घेऊन जाते तर तुम्ही गोठ्याच्या दाराबाहेर उभे. आत जात नाही, काही नाही. मग खाकरता आणि म्हणता, "आटप, डेअरीची गाडी यील." काय राग यायचा मला! अजून येतो.

दिराला खाली चहाला पाठवून मी तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "सकाळ व्हऊच नये असं वाटतं बगा." तो वर आल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तळेगावात माझ्या ओळखीच्या समुपदेशक बाई आहेत, हिला आजच्या आज तिथं न्यायला हवं. तो उखडलाच. "तिला काय याड लागलंय व्हय? गावात कळलं तर पोरांची सोयरीक व्हईल का? तुमीच काय ते करा." मी फरक समजावला, परत समजावला, हात जोडले. दगडावर पाणी. शेवटी मी म्हटलं, "अहो, त्या पण कोचच आहेत. माझ्यापेक्षा मोठ्या." "मंग आदी न्हाई का सांगायचं!" म्हणत तो निघाला. बाईंना मी फोनवर खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणा, मी कोण ते मीच सांगेन."

मी दोघांना घेऊन तळेगावला गेले. तिथं बाईंनी आपण कोण ते त्यांना नीट समजावलं. तो कुरकुरला, पण तोवर ती उठून आत गेली होती. दार लागलं. आम्ही दोघं बाहेर. बऱ्याच वेळानं आतून रडण्याचा आवाज आला, मोठा, मोकळा. तो ताडकन उठला आणि दारापाशी जाऊन थांबला. आता हा खाकरणार, आटप म्हणणार, म्हणून मी त्याला अडवायला उठले. माझ्या ओठांवर सगळं तयार होतं, चांगलं खडसावणार होते.

तो दाराकडेच बघत म्हणाला, "माजा बी भाऊच व्हता की, म्याडम."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते, पण पुढच्या वेळेचं तिनं स्वतःच विचारलं. त्याला म्हटलं, तुमच्यासाठीही वेळ घ्या, तर म्हणाला, "मला काय झालंय?" आता त्याच्या मागे लागायचं काम माझं.

घरी आल्यापासून तो गोठा डोळ्यांपुढून जात नाही. तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही, आबा, आईचं बोलणं तुम्ही तोडायला नको होतंत. हे पत्र कुणाला पाठवणार, म्हशीसुद्धा राहिल्या नाहीत आता. पण एवढी वर्षं तुम्हाला त्या दाराबाहेर बघूनही एक गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. तुमचाही तो पोरगाच होता.