रेवाबेनच्या गाण्यातली जागा

प्रिय रेवाबेन,

मनातल्या मनात तुझ्याशी रोजच बोलते मी, पत्राची वेळ कधी आली नाही. पण काल खापरच्या बाजारात जे ऐकलं ते मनात मावेना, म्हणून माझ्या प्रमिलेच्या वहीतलं पान फाडून लिहायला बसले.

चहाच्या हॉटेलात भोंग्यावर तुझं गाणं लागलं होतं गं! रेकॉर्डवर! कोणी गुजरातेतली बाई गात होती, मागे ढोलक, टाळ्या, आणि चाल इतकी पळती की पोरं बाकड्यावर ठेका धरत होती. तू ते किती संथ म्हणायचीस! मुलगी घर सोडून निघाल्यावर म्हणायचं गाणं ते, त्यावर कोणी नाचतं का?

हॉटेलवाला म्हणाला, बडोद्याकडचा गरबा आहे. तिथे एक बँडवाला बसला होता, तो म्हणाला, गरबा कसला, सिनेमातली चाल आहे, मी वरातीत वाजवतो. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं केलंय, कोरीटला. दोघंही हसले. मग हॉटेलवाल्यानं तबकडीच पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, पारंपरिक लोकगीत.

पारंपरिक म्हणे! परंपरा काय आपल्या ओसरीवर पाय लांब करून कपाशीची बोंडं फोडत बसली होती? तू बसली होतीस. माझं लग्न ठरलं होतं, तू मोठी असून तुझं ठरत नव्हतं, त्या अधू पायामुळे. आणि तरी गाणं तूच रचत होतीस, माझ्यासाठी!

शेवटची ओळ आठवते? आधी नवरीचं नाव, आणि मग, ‘निंघनी, दिवा मझार ठेवा.’ निघाली ती, आता दिवा आत ठेवा. माझं सुभद्रा त्यात बसेना. बायका अडखळल्या, हसल्या, मी रुसले. तेव्हा तू म्हणालीस, “तुन्हं नाव लांब शे, मी काय करू?” आणि मला सुभी करून टाकलंस.

पुढे ज्या घरी लग्न, त्या घरची नवरी त्या जागी. आपल्यात रीतच तशी, गाणं ज्या घरात शिरेल त्या घरचं होतं. खांडबाऱ्याला गेलं, तिथून नवापूर, मग कुठून कुठे. सगळ्यांची नावं त्यात आली, फक्त करणारीचं कुठे नाही. यात तुझीही चूक आहे हं! कोणी विचारलं की म्हणायचीस, बायका म्हणतात तेच म्हटलं. का गं असं सांगायचीस?

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, कोणी का केलं असेना, गाणं चांगलं आहे ना! प्रमिला म्हणाली, आई, पण तबकडीवर लिहिलंय ना. आपली आई गेली, काकू गेल्या, त्या ओसरीवरची मी एकटीच उरले. कोणाला साक्षीला बोलावू? फार एकटं वाटलं रेवाबेन, तू गेलीस तेव्हा वाटलं होतं त्याहूनही जास्त.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. भाकरी झाल्यावर चुलीपाशीच बसून ते म्हटलं, तुझ्या चालीत. तू त्या घरातून निघालीस ती एकदाच, चौघांच्या खांद्यावर, आणि त्या दिवशी कोणी काही गायलं नाही. म्हणून शेवटी तुझं नाव घातलं. रेवा निंघनी, दिवा मझार ठेवा.

अगं, कुठे अडखळायला झालं नाही. ओढावं लागलं नाही, कोंबावं लागलं नाही. ती जागा तुझ्याच मापाची होती! आम्ही सगळ्याजणी इतकी वर्षं तुझ्या जागेत नावं बसवत होतो. तुला ठाऊक होतं ना? खरं सांग.

लग्नघरात तुझं नाव घेता येणार नाही, लोक अपशकुन म्हणतील. पण प्रमिलेला मी हे गाणं शिकवणार आहे, संथ, आणि शिकवताना तुझंच नाव घालणार. तिच्या लग्नात बायका प्रमिला म्हणताना अडखळतील, तेव्हा तिला कळेल ही जागा कोणाची. एवढं मी करीन. शब्द देते.

तुझी,
सुभी