थोरलीची रांग, धाकटीचं काउंटर

३ जानेवारी
आज सकाळी चहाच्या आधी माझं आयुष्य बदललं. पार्टिशनपलीकडून तिने स्टेपलर मागितलं. दिलं. थँक्स म्हणाली आणि हसली. हसताना बघत होती गिऱ्हाइकाकडे, पण हसू सुरू झालं ते माझ्याकडून.

उद्या मोठा माणूस झाल्यावर विसरायला होईल, म्हणून लिहून ठेवतो. थोरली म्हणजे मूळ विमान कंपनी: गालिचा, सोफा, विमानात गरम जेवण, आणि ती. धाकटी म्हणजे थोरलीनेच काढलेली स्वस्त कंपनी: प्लास्टिकच्या खुर्च्या, पाणीसुद्धा विकत, आणि मी. बुकिंग ऑफिसचा हॉल एकच, दार एकच, मध्ये कमरेएवढं पार्टिशन. थोरली-धाकटी ही नावं अकाउंटवाल्या काकांनी पाडली.

मी काँट्रॅक्टवर आहे. धाकटी चालली की पर्मनंट. पर्मनंट झालो की तिला विचारणार. संकल्प: डोकं शांत ठेवणे.

४ जानेवारी
एका गिऱ्हाइकाशी वाजलं. पाणी विकत का, म्हणून विचारत होता. मी रागावलो नव्हतो, समजावत होतो. आवाज जरा चढला. कॅल्क्युलेटर आपणहून पडला.

साहेब म्हणाले, कॉलेजही असंच सोडलंस का? नाही म्हटलं. तिथे खुर्ची पडली होती.

१२ जानेवारी
बाबा थोरलीत पर्सर होते, म्हणजे विमानात जेवण वाढणाऱ्यांचे मुख्य. रिटायर झाले तरी घरात ताट ट्रे धरल्यासारखंच धरतात. त्यांच्या मते धाकटी चालणार नाही. राजवाड्यातल्या माणसाने टपरी टाकली तरी कप चांदीचेच ठेवणार, आणि चहा टपरीच्या भावात विकणार. मी ताटावरून उठलो. जुन्या पिढीला व्हिजन नाही. अर्ध्या तासाने परत जेवायला बसलो. तत्त्व वेगळं, भूक वेगळी.

२० जानेवारी
तिच्यापुढे मरणाची रांग. म्हातारे-कोतारे, कंपन्यांचे शिपाई, सगळ्यांना तीच हवी. प्रत्येकाची विचारपूस करते. गुडघे कसे आहेत, सूनबाई कशी आहे. संध्याकाळपर्यंत आवाज बसतो बिचारीचा. बघवत नाही.

आयडिया! तिची रांग मी कमी करीन. तिचे कष्ट वाचतील आणि धाकटीचा धंदाही वाढेल. एका दगडात दोन पक्षी.

२२ जानेवारी
सुरुवात केली. शेवटच्या माणसाच्या कानात हळूच सांगायचं: आजोबा, विमान तेच, आकाश तेच, भाडं निम्मं. आजोबा काठी टेकत गालिचावरून माझ्या फरशीवर. मागून आजीही.

तिने मान वर करून बघितलं. नजरेत काहीतरी होतं. कृतज्ञता असावी.

९ फेब्रुवारी
दुपारपर्यंत माझी रांग दारापर्यंत. तिच्यापुढे एक माणूस, तोही पत्ता विचारायला आलेला. तिला आता निवांत बसता येतं. बराच वेळ दाराकडे बघत असते. प्रेमात माणूस असाच शून्यात बघतो.

साहेबांनी पाठ थोपटली. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, थोरलीचं काय? मी म्हटलं, थोरली आराम करतेय.

१७ फेब्रुवारी
हेड ऑफिसचा हुकूम. धाकटीच्या खुर्च्या फार आरामशीर नसाव्यात, नाहीतर थोरलीची माणसं इकडे येतील. पण दुखूही नयेत, नाहीतर थोरलीचं नाव खराब होईल. साहेब तासभर एकेका खुर्चीवर बसून बघत होते. निर्णय झाला नाही. कंबर धरली.

२ मार्च
धाकटीच्या पायलटांनी थोरलीएवढा पगार मागितला. आकाश तेच, मग पगार कमी का? मिळाला. काका म्हणाले, जावेच्या अंगावरचे दागिने बघितले की असंच होतं. मी म्हटलं, विकास म्हणतात याला. काका आपलं जानवं शोधल्यासारखं पेन शोधत निघून गेले.

१४ मार्च
आज काकांशी वाजलं. माझे आकडे अभिमानाने दाखवायला गेलो, तर म्हणे दोन्हीकडची बेरीज घटलीय. मी म्हटलं, मी एवढी माणसं आणली. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "आणलीस कुठली? या खोलीतून त्या खोलीत नेलीस. पाहुणे तेच, फक्त आता निम्मेच पैसे देतात."

मी टेबलावर हात आपटला. हात सुजलाय. डाव्या हाताने लिहितोय. काका जळतात माझ्यावर.

३ एप्रिल
थोरलीचं काउंटर बंद होणार. गिऱ्हाईक नाही म्हणून.

दिवसभर काही सुचलं नाही. जेवताना आई विचारत होती, काय झालं. काही नाही म्हटलं. माझ्यामुळे झालं असं नाही. मार्केट असतं. ग्लोबल कारणं असतात.

६ एप्रिल
आनंदीआनंद! युनियनचा करार झाला. थोरलीच्या माणसांना घरी बसवायचं नाही, धाकटीत घ्यायचं, जुन्याच पगारावर. म्हणजे ती इकडे येणार. माझ्या बाजूला!

खुर्च्या कशा मांडायच्या याचा विचार केला. तिची पंख्याखाली. माझी जरा तिरकी, म्हणजे मान न वळवता दिसेल. तिच्या आवाजासाठी कोमट पाण्याची बाटली भरून ठेवायची, फुकट.

८ एप्रिल
साहेबांना विचारलं, दुसरी खुर्ची कधी येणार? साहेब म्हणाले, दुसरी कशाला? काउंटर एक, माणूस एक. काँट्रॅक्टवाले आधी जाणार, करारातच आहे.

मी चिडलो नाही. चिडायला आधी कळावं लागतं. कळायला घर येईपर्यंत वेळ लागला.

माझं ताट बाबांनी उचललं. त्यांनी बोलायला हवं होतं.

१५ एप्रिल
शेवटचा दिवस. तिला काम समजावून द्यायचं होतं. ठरवलं होतं, मोकळेपणाने सगळं सांगायचं. सांगितलं ते असं, की प्रिंटर अडकला तर डावीकडून थापटायचं.

मग धीर करून म्हटलं, तुझे कष्ट कमी व्हावेत म्हणून मी ती माणसं इकडे आणत होतो. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ पहिल्यांदाच.

"मी थकले असं तुला कधी म्हटलं होतं का रे?"

नव्हतं म्हटलेलं.

मग ती साध्या आवाजात म्हणाली की काकांनी सांगितलंय, धाकटीही फार दिवस नाही. पायलट जुन्या पगाराचे, ती स्वतः जुन्या पगाराची, आता स्वस्त राहिल्यात त्या फक्त खुर्च्या. पुढच्या हंगामात धाकटी परत थोरलीत मिसळणार. आणि थोरलीकडे आता रांग नाही. तेव्हा तिलाही नवीन काहीतरी बघावं लागेल. पहिल्यापासून.



बॅग उचलली. प्लास्टिकच्या खुर्च्यांमधून दारापर्यंत गेलो. बाहेर पाऊल टाकलं आणि मागून तिने हाक मारली. माझ्या नावाने. वळलो.

"दार लावून जा. धूळ येते."

लावलं.