ठमी खेळणार

९ एप्रिल २००७, सोमवार

फिल्मच्या रिळाची रिकामी डबी घेतली. आत आधी तांदूळ. आवाज फार बारीक. ठमी मान वळवते आणि विसरते. मग हरभरे. दचकून पलंगाखाली. मग तूरडाळ. जमलं. डबी घरंगळली की आधी कान, मग मिशा, मग सगळं अंग. आज पहिल्यांदा तिने आपणहून पंजा मारला. डबी भिंतीवर आपटली आणि ती मागे धावली. चालली नाही, धावली. भिंतीला नाक लागलं, शिंकली, परत फिरली.

आई दारात बसून भाजी निवडत होती. "आंधळ्या मांजरापुढे डाळ वाजवणारी तू पहिलीच."

"दुसरी येईपर्यंत वाजवते."

१२ एप्रिल, गुरुवार

कॉलेजात शिकवायचा शेवटचा तास बुडवला. ठमीला टोपलीतून अंबरनाथला, डॉक्टरांकडे. जानेवारीत तिला गटाराजवळून उचललं तेव्हा दोन्ही डोळे सडले होते. त्यांनीच काढले. आता पापण्या मिटून गेल्यात, वर केसही आलेत.

बाकावर शेजारी पांढरं कुत्रं घेऊन आलेली बाई. "अगं बाई, बिचारी. इंजेक्शन देऊन सोडवायची ना एकदाची."

म्हटलं, "तुमचं कुत्रं कशासाठी आलंय?"

"त्याचे कान दुखतात."

"मग त्यालाही सोडवा."

बाई दुसऱ्या बाकावर गेली.

डॉ. म्हणाले: जखम बरी. घराबाहेर सोडू नका, सामानाची जागा बदलू नका, आणि खेळवा. "नाही खेळवलं तर कोपरा धरेल. मग मांजर नुसतं ठेवलेलं राहतं."

नुसतं ठेवलेलं. येताना रिक्षात तेवढंच डोक्यात.

आजपासून घरात 'बिचारी' बंद. आईने विचारलं, मग काय म्हणू? ठमी म्हण.

१८ एप्रिल, बुधवार

दुपारी लोडशेडिंग. पेपर तपासत होते, घामाने शाई फुटली. पंखा बंद, वरच्यांचा टीव्ही बंद, पाण्याचा पंप बंद. अख्खी बिल्डिंग गप्प. कोपर लागून डबी टेबलावरून पडली. ठमी हवेतच झेलायला उडाली. चुकली, पण दिशा बरोबर.

म्हणजे इतके दिवस पंखा मध्ये येत होता. मी त्या खडखडाटात डबी सोडत होते आणि वर म्हणत होते, हिला कंटाळा आला.

संध्याकाळी पंखा बंद करून पाहिला. उपयोग नाही. शेजारच्या मालिका, कुकर, पंप. ती दुपारची वेळच खरी.

लो.शे.ची वाट पाहणारी बदलापुरात मी एकटी असेन.

२१ एप्रिल, शनिवार

कॉलेजनंतर उल्हासनगर, कॅम्प दोन. घुंगरांचं दुकान.

"क्या मॅडम, डान्स क्लास खोला?"

"बिल्ली के लिए."

"बिल्ली नाचेगी?"

"खेलेगी."

दुकानदाराने हसणं आवरलं. मग एकेक घुंगरू कानाशी नेऊन वाजवू लागला. माझ्या हातातलं काढून घेतलं. "ये नहीं, ये घोडे का है. डर जाएगी. ये लो. मीठा है." त्याच्या नोकराने विचारलं, शेठ, ये बिल्ली का माल कब से रखा? "आज से."

घरी प्लास्टिकचा चेंडू चिरून आत दोन घुंगरं, चिरेवर चिकटपट्टी. फरशीवर सोडला. ठमी एका ठिकाणी फिरून त्याची सगळी वाट ऐकत राहिली. मग धरला. पोटाशी घेऊन मागच्या पायांनी बडवला. आई हसली. आईला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

२४ एप्रिल, मंगळवार

खालच्या मजल्यावरचे सावंतकाका वर आले. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. बसा म्हटलं, बसले नाहीत.

"अगो, मी तुझ्या मांजराचा वैरी नाय. पण आनंदनगरच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर जल्म काढला. धाड, धाड, धाड. आता दुपारी लाइट जाते, सगळं बंद पडतं, तेव्हा कुठे डोक्यातलं मशीन थांबतं. आणि नेमकं तेव्हाच वरून तुझं छुमछुम."

जी शांतता ठमीला लागते तीच त्यांना लागते. एकच आहे ती, वरची आणि खालची.

म्हटलं, गोधडी अंथरते.

गोधडीवर चेंडू घरंगळत नाही. पडला तिथे मुका. ठमी दोनदा हुंगत फिरली, मग बसली. पायमोज्यात सुकट बांधून ओढली. वासावर आली, चाटली, गेली. तो खेळ नव्हे, जेवण.

गोधडी उचलली.

२९ एप्रिल, रविवार

सोसायटीची मीटिंग. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. विषय: टाकीची गळती, रंग, मी.

सेक्रेटरी भोईर समजूतदार सुरात: "मॅडम, मांजर ठेवा ना, कोण नाही म्हणतो? फक्त त्या खेळण्यातलं घुंगरू काढा आणि मांजराच्या गळ्यात बांधा. जिन्यात आलं-बिलं तर समजेल तरी. दोघांचं काम झालं."

सगळ्यांच्या माना हलल्या. एकाने 'वा' म्हटलं.

मी: "सोसायटीच्या पूजेला भोंगा सकाळपासून लागतो. तेव्हा कोणाच्या गळ्यात काय बांधायचं?"

कोणी खोकलं. मग दुसऱ्या मजल्यावरची बाई: "देवाची नि मांजराची बरोबरी करता?"

"आवाजाची करतेय."

ठरलं: पंधरा दिवसांत खेळ बंद. नाहीतर मांजर बाहेर. तेरा तारखेला पुन्हा मीटिंग. मी सही केली नाही. सावंतकाका पूर्ण वेळ चपलांकडे बघत होते.

३० एप्रिल, सोमवार

संध्याकाळी घरी आले तर ठमीच्या गळ्यात लाल दोरा, त्यात एक घुंगरू. आईने बांधलं.

"इथे राहायचंय आपल्याला. चार लोकांचं एक ऐकलं की आपलं एक ऐकतात. आणि दिसतंही छान."

दिसतं, हे खरं. दिवसभर वर्गांवर बोलून घसा गेला होता. भांडले नाही.

२ मे, बुधवार

बुद्धपौर्णिमा. आई सकाळीच विहारात. मी ठमीजवळ.

काल दिवसभर ती खोलीच्या मध्येच उभी. ताटली तोंडाशी नेली तर खाल्लं, नाहीतर नाही. मातीच्या खोक्याकडेही गेली नाही, फरशीवरच केलं. याआधी कधीच नाही. आज डबी वाजवली. कान हलला नाही. चेंडू सोडला. अंग चोरून घेतलं. वाटलं, आजारी. पुन्हा अंबरनाथ.

मग वीज गेली. त्या शांततेत नीट पाहिलं. पाऊल उचललं की घुंगरू वाजतं. पाऊल परत खाली. थोडं थांबून पुन्हा उचललं. वाजलं. खाली.

प्रत्येक हालचालीला स्वतःचाच आवाज, आणि त्याखाली सगळी खोली बुजून जाते. भिंत कुठे, दार कुठे, आम्ही कुठे. डोळे एका रोगाने नेले. कान आम्ही बांधून टाकले, आणि वर छान दिसतं म्हणालो.

कात्री. दोरा कापला. ठमी तशीच उभी. मग मान झटकली. काही वाजलं नाही. पुन्हा झटकली. मग सरळ, न अडखळता, स्वयंपाकघरात पाण्याच्या भांड्याकडे.

आई दारात उभी होती. पांढरी साडी, हातात खिरीचा डबा. किती वेळ पाहत होती कोण जाणे.

"सगळे प्राणी सुखी होवोत म्हणून आत्ता हात जोडून आले," ती म्हणाली. "आणि घरात मी..."

फरशीवरून दोरा उचलला, घुंगरासकट खिडकीतून खाली टाकला. भोईरांच्या स्कूटरवर पडला असावा. पत्रा वाजला.

संध्याकाळी चेंडू आईनेच सोडला. तिचा नेम वाईट आहे. ठमीला चालतं.

६ मे, रविवार

भोईर दारात. मी आत पेपर तपासत होते. आईने दार अर्धंच उघडलं.

"काय ठरलं, मावशी?"

"खेळणार."

"अहो, पण गळ्यातलं घुंगरूही काढलंत म्हणे."

"तुमच्या कानाला बांधून घ्या, दोन दिवस फिरा, मग बोलू."

"मावशी, मीटिंगमध्ये ठरलंय. माझ्या हातात काही नाही."

"मग हात कशाला दाखवताय? आमचा चहा व्हायचाय."

दार लावलं. मग माझ्यावरच डाफरली: "तू काय आत बसून हसतेस? तेराला मी पण येणार."

१० मे, गुरुवार

डेअरीवर सावंतकाका. ओळख दाखवली नाही, पिशवी या हातातून त्या हातात केली. वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं मशीन ऐकलेल्या माणसाला दुपार मिळायला हवी. मला त्यांची दुपार हिसकवायची नाही.

पण मधला मार्ग काढा, असं जो तो जिन्यात सांगतो. मधला मार्ग म्हणजे काय, ते मी दोन दिवस पाहिलंय. खोलीच्या मध्ये उभी होती ती. जिवंत होती, जेवत होती, कोणाला त्रास नव्हता. सगळ्यांच्या मते काम झालं होतं.

मांजर ठेवायची परवानगी मी मागितलेली नाही. ती इथे राहणार असेल तर धावणार. पडणार, आपटणार, वाजवणार. शेपटीपासून नाकापर्यंत अख्खी राहणार. तेराला एवढंच सांगायचं. लिहून काढायला बसले. तीन वाक्यांच्या पुढे गेलं नाही. पुरे.

१३ मे, रविवार

मीटिंग सहाला. आईने इस्त्रीची साडी सकाळीच काढून ठेवली.

दुपारी वीज गेली. आईने विचारलं, "आज तरी राहू दे का?" दोघींनी ठमीकडे पाहिलं. ती आधीच खोलीच्या मध्ये येऊन बसली होती, कान उभे. चेंडू सोडला.

दुसऱ्या फेरीला खालून ठोका. काठीचा असावा. बरोबर पलंगाच्या पायाशी, फरशीखाली. पंधरा दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं वर आलं.

चेंडू भिंतीशी थांबला. ठमी जागच्या जागी गोठली. आईने माझा दंड धरला.

मग ठमीने झेप घेतली. चेंडूवर नाही. ठोका आला त्या फरशीवर, दोन्ही पंजे, वर सगळं अंग. दाबून धरलं. नखांचा आवाज खाली गेला असणार.

खाली बराच वेळ काही नाही.

मग दुसरा ठोका. दाराच्या बाजूला. ठमी तिथे. घसरली, उलटी झाली, पोचली.

तिसरा खिडकीकडे. हा हळू.

काका रागाने खोलीभर फिरताहेत की आणखी काही, ते वरून कळत नाही. चेहरा दिसत नाही. आई पुटपुटली, "जाऊन विचारू का?" नको म्हटलं. चेंडू उचलून ठेवायलाही गेले नाही.

ठमी फरशीला कान लावून बसली आहे. शेपटीचं टोक हलतंय. सहा वाजायला वेळ आहे अजून.