हुंकार कोण देणार?

६ जानेवारी

आले एकदाची मालवणात! जालन्याहून निघताना आईनं इतक्या सूचना दिल्या की मी परदेशी चालले आहे असं शेजाऱ्यांना वाटलं असेल. सत्यवानदादांचं चष्म्याचं दुकान बाजारपेठेत आहे. लोकांचे डोळे तपासून नंबर काढायचा हे माझं काम. दादा भले आहेत, पण कामापुरतं बोलतात आणि मग पेपरात डोकं घालतात.

खोली मात्र झकास मिळाली. घर काशीबाईंचं. त्या खाली राहतात आणि मी वर. माझा जिना बाहेरून आहे, निळा रंग दिलेला, पायथ्याशी फणसाचं झाड. काशीबाईंचा मुलगा मुंबईला, त्यामुळे त्यांनाही सोबत हवीच होती. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मगे खातंस तरी काय गो?" असं विचारून संध्याकाळी सोलकढी आणि भात वर पाठवला. मी दोनदा घेतला. इथे माझं बरं चालणार.

११ जानेवारी

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. इथे दुपारी गाव मिटतं. दुकानं बंद, रस्ता ओस, सगळे जेवून आडवे. मला दुपारची झोप येत नाही. मी जिन्यावर बसते आणि समुद्राचा आवाज ऐकते, तो काही संपत नाही.

आज जाणवलं की सकाळपासून मी लोकांना फक्त "हे अक्षर दिसतंय का?" एवढंच विचारलं आहे. संचिताला फोन केला, तर बाईसाहेब मैत्रिणींबरोबर बाहेर. माझी धाकटी बहीण असून तिला माझ्यापेक्षा दसपट माणसं ओळखतात. मग मोबाइलवर 'पानोपान' उघडलं. ऑनलाइन कथामालिकांचं हे ॲप माझं जुनं व्यसन आहे.

मी नुसती वाचक नाही, खवट वाचक आहे. "मस्त", "पुढचा भाग लवकर टाका" असल्या प्रतिक्रिया मला जमत नाहीत. कुणी रोज एक भाग लिहून टाकतं, तर वाचणाऱ्यानं चार ओळी धड लिहाव्यात, चुका दाखवाव्यात. प्रत्येक भागाच्या शेवटी दारावर थाप मारणाऱ्या लेखकांना मी बरंच झोडपलं आहे. दार उघडल्यावर नेहमी मांजरच निघतं.

१४ जानेवारी

'तुमच्या जवळचे लेखक' या सदरात आज एक मालिका सापडली. नाव 'रापण', लेखकाचं टोपणनाव 'सोबती'. समुद्रात लांबवर जाळं सोडून किनाऱ्यावरून माणसं ते ओढतात, ती रापण. कथेतला माणूस किनाऱ्यावर बसला आहे. जाळं भरायची वाट बघताना तो बरोबरच्यांना एक गोष्ट सांगत होता. ते एकेक करून मध्येच उठून गेले. गोष्ट पुरी व्हायची आहे आणि ऐकायला कुणी नाही.

वाचून गलबलले. भाषा साधी आहे आणि एकही थाप नाही. रोज भर दुपारी नवा भाग येतो, जणू माझ्यासाठीच.

वाचक मात्र जवळजवळ नाहीतच. माझ्याआधी दत्तप्रसाद नावाचा एक जण होता. सुरुवातीला त्यानं लांबलचक, जीव लावून लिहिलं आहे. मग दोन ओळी, मग एक, आणि शेवटी नुसतं "हूं". त्यानंतर तो गायब. कंटाळला असणार. मला राग आला. अर्ध्यावर कसं सोडवतं लोकांना?

त्याच्या शेवटच्या "हूं"खाली मी लिहिलं, "हूं. आता मी आहे. सांगा पुढे."

१९ जानेवारी

सगळे जुने भाग वाचून झाले. रचनेत एक मोठी चूक आहे. मागे एकदा हा माणूस किनाऱ्यावरून उठतो, गावात येतो, एका घराशी पोचतो, आणि पुढच्याच भागात परत किनाऱ्यावर बसलेला! मधे काय झालं ते नाहीच. मी लेखकाला स्पष्ट कळवलं की हा गलथानपणा आहे.

दुसरं हे की हल्ली काही घडतच नाही. मी लिहिलं, "तुमचा माणूस फार दिवस एका जागी बसला आहे. त्याला उठवा आता. कुठेतरी जाऊ दे."

लिहिताना मजा येत होती. इथे माझं म्हणणं ऐकणारं तेवढं एकच कुणीतरी आहे.

२० जानेवारी

आजचा भाग एवढाच होता: तो उठला. वाळू झाडली आणि चालू लागला.

खाली लेखकाचं पहिल्यांदाच उत्तर आलं. तुम्ही म्हणालात म्हणून, असं. मला इतका आनंद झाला की मी सत्यवानदादांना सांगायला गेले. ते बरं म्हणाले आणि पान उलटलं.

२५ जानेवारी

माणूस बाजारपेठेतून चालतो आहे. वर्णन हुबेहूब आहे, आमच्या दुकानाची पाटीसुद्धा येऊन गेली. पण तो जाणार कुठे, हे लेखकाला ठरवता येत नाहीये. मला त्यानं सरळ विचारलंच.

मी म्हटलं, एखादं खरं घर डोळ्यांसमोर ठेवा, तपशील आपोआप येतील. नमुना म्हणून माझंच घर लिहून दिलं. निळा जिना, फणस, वरच्या खोलीत एकटी राहणारी एक बाई. दुपारी तिला झोप येत नाही, हेही लिहिलं. एवढं कशाला लिहिलं कोण जाणे. विचारणारं कुणी भेटलं की माणूस वाहवत जातं.

२९ जानेवारी

तो आला आहे. कथेत. फणसाखाली उभा आहे आणि वर बघतो आहे.

भाग वाचून मी खाली पाहिलं. अर्थातच कुणी नव्हतं. पण काशीबाईंच्या कोंबड्या, ज्या दिवसभर त्या झाडाखाली उकरत असतात, त्या सगळ्या पडवीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. काशीबाईंनी दाणे टाकले तरी त्या पुढे आल्या नाहीत.

प्रतिक्रियेत आज मला टीका सुचली नाही. "हूं" एवढंच लिहिलं. पाठवल्यावर लक्षात आलं, दत्तप्रसादचंही शेवटी एवढंच उरलं होतं.

३१ जानेवारी

दोन भाग आले. तो जिन्याच्या पहिल्या पायऱ्यांवर आहे. मधल्या पायरीचा रंग उडाला आहे असं त्यात म्हटलं आहे. उडाला आहे खरा, पण मी ते लिहून दिलं नव्हतं.

जिना ओला होता. काशीबाई म्हणाल्या त्यांनी पाणी टाकलेलं नाही. बोट लावून चाखलं. खारट.

२ फेब्रुवारी

आज न राहवून काशीबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. मी मध्येच थांबून बघितलं तर त्यांचे हात थांबलेले.

त्यांचे यजमान रापणीवर जात. तिथली रीत त्यांनी सांगितली. जाळं भरेपर्यंत कुणीतरी गोष्ट सांगतो, आणि ऐकणाऱ्यांतला एक जण हुंकार द्यायला बसतो. ज्यानं पहिला हुंकार दिला तो त्या गोष्टीला बांधला गेला. गोष्ट संपेस्तोवर त्यानं उठायचं नाही. उठायचंच असेल तर आपल्या जागी दुसऱ्याला बसवायचं, त्याच्या तोंडून हूं आला की मगच निघायचं.

मी विचारलं, तसाच उठला तर?

"नायतर सांगणारोच उठता गो," त्या म्हणाल्या. "आणि हुंकारो शोधीत घराक येता."

मी हसायचा प्रयत्न केला. मग त्यांना दत्तप्रसादच्या प्रतिक्रिया दाखवल्या, आणि हे नाव ऐकलंय का म्हणून विचारलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. तो खारेपाटणचा मुलगा होता. माझ्याआधी दुकानात तोच होता आणि याच खोलीत राहत होता. एकटाच असायचा, मोबाइलवर वाचत. एका दुपारी काशीबाईंनी त्याला जिना उतरून समुद्राकडे जाताना पाहिलं. मान डोलावत, बाजूला बघत चालला होता.

"हूं हूं करीत गेलो तो. माका वाटला, फोनार बोलता. मगे बघलंय तर फोन हंयच रवलो होतो." फोन वर खोलीतच राहिला होता.

समुद्रानं त्याला परत दिलं नाही. पुढचा भाडेकरू मिळणार नाही, या भीतीनं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्या रडल्या. मला त्यांच्यावर रागावताही येईना.

म्हणजे लेखकाच्या रचनेत चूक नव्हती. त्या घरातून तो एकाला घेऊन गेला आणि परत किनाऱ्यावर जाऊन बसला. त्याला पुन्हा मी उठवलं.

काशीबाई म्हणतात, कोणाला तरी बसव आणि सुट. त्यांना स्वतःला बसायचं होतं, पण वाचता येत नाही. मी कोणाला बसवू? माझ्या सांगण्यावरून एखादी कथा वाचेल असं जगात एकच माणूस आहे. संचिता. तिला नाही.

३ फेब्रुवारी

ॲप काढून टाकलं. दुपारी दुकानातच थांबले. सत्यवानदादांनी कारण विचारलं नाही, किल्ली माझ्याकडे दिली.

शटरच्या आत अंधार होता. तपासणीच्या खुर्चीत बसून राहिले. बाहेर कुणीतरी बोलत होतं. हलक्या, दमलेल्या आवाजात, मधे मधे थांबत, जणू समोरच्यानं काही म्हणावं म्हणून. मी ओठ दाताखाली धरले.

वाईट आवाज नव्हता. हेच लिहायला भीती वाटते. फार एकटा आवाज होता.

५ फेब्रुवारी

संचिताचा फोन. हसत होती. म्हणाली, ताई, तुझ्या कोकणातली एक कथा माझ्या मोबाइलवर आली, मी ॲप घेतलंसुद्धा नव्हतं. दोन बहिणींची आहे म्हणे. मोठी बोलेनाशी झाली आहे, आणि एक माणूस धाकटीकडे जावं का असा विचार करतो आहे.

मी ओरडले. काही लिहू नकोस, एक अक्षर लिहू नकोस म्हटलं. ती हळू आवाजात म्हणाली की तिनं आधीच लिहिलं. काय, विचारलं.

"हं, मग?" एवढंच.

सगळं सांगितलं तिला. तिला वाटतं मी एकटेपणानं आजारी पडले आहे. मला न्यायला ती निघते आहे. नको म्हटलं. ऐकत नाही. ती कधीच ऐकत नाही —

६ फेब्रुवारी

ॲप परत घेतलं. नवा भाग आहे. जालन्याचा आमचा दरवाजा. आईची तुळस. तो गेटपाशी उभा. आत संचिता बॅग भरते आहे, गाणं म्हणते आहे.

खाली माझ्यासाठी प्रश्न. ताई, तुम्ही उठलात. धाकटीला बसवलंत असं समजू?

नाही. नाही.

मी लिहिलं — मी उठले नाही. मी इथेच आहे. तिचा हुंकार धरू नका. तिला गोष्टीतलं काही कळत नाही, ती शेवटचं पान आधी वाचते. मी नीट ऐकते. मी पूर्ण ऐकेन. इकडे या.

आणि मग — हूं.

पुढचा भाग लगेच आला. तो गेटपासून वळला.

७ फेब्रुवारी

सकाळ. संचिताचा मेसेज, काल रात्रीच गाडीत बसली आहे. कणकवलीला उतरेल. काशीबाईंना सांगितलं, ती आली की तिला वर सोडायचं नाही, खालीच जेवू घालायचं, फोन काढून घ्यायचा. त्यांनी माझा हात घट्ट धरला. कालवण तिखट करू नका, तिला सोसत नाही, असंही सांगितलं.

दुपार. कोंबड्या गप्प आहेत. जिना ओला.

मोबाइल बंद केला आहे. आता लागत नाही. आवाज दाराशी आहे.

कडी मी काढली.

आत आला. दिसत नाही, पण पलंगाच्या कडेला वाळू — तो बसला आहे. सांगतो आहे, पहिल्यापासून. दत्तप्रसादनं कुठपर्यंत ऐकलं तेही सांगतो. बोलताना मधेच थांबतो आणि वाट बघतो.

हूं.

चांगली गोष्ट आहे. खरंच. इतकी वर्षं लोकांचे भाग वाचले, पण मला कुणी समोर बसून —

हूं.

म्हणतो शेवट इथे नीट सांगता येणार नाही. किनाऱ्यावर चल. जाळं भरत आलंय.

खाली रिक्षा थांबली. संचिताचा आवाज. ताई म्हणून हाक मारते आहे. काशीबाई तिला अडवताहेत. तिला ओ द्यावीशी वाटते. पण एका वेळी दोघांना — आणि मी थांबले तर तो तिच्याकडे वळेल —

हूं. हूं, ऐकते आहे.

मागच्या बाजूनं उतरता येतं. ती जिन्यावर येते आहे. संचिता, दार उघडशील तेव्हा काही म्हणू नकोस, एक शब्द —

हूं. चला. मग त्या माणसांनी जाळं ओढलं, आणि