गव्हातले चाकांचे ठसे

सोर्विल,
रविवार, २२ फेब्रुवारी

प्रिय गोत्ये,

तू आणि सिल्विआन बरे असाल. इकडे थंडी आहे, पण कोरडी. आठवडाभर पाऊस नाही, त्यामुळे कालव्याकाठची वाट टणक झाली आहे. शाळेला सुट्टी लागली. मुलांचे तपासायचे पेपर टेबलावर तसेच पडले आहेत आणि मी रोज सायकल काढून बाहेर पडते. ऑक्टोबरनंतर आपण फोनवर बोललो ते फक्त बॉयलरबद्दल. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं.

सायकल क्लबने नवा फेरा आखायचं काम मला दिलं आहे. मोटारी नाहीत असा रस्ता हवा: नदीकाठ, मग जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या वाटा, मग आपलं सपाट रान, आणि परत कालवा. खडी चालेल, मुरूम चालेल, चिखलही चालेल, डांबर नको. तू हसशील. ओक्ताव्हही हसतो. म्हातारा अजून कालव्याच्या दाराशी गळ टाकून बसलेला असतो.

"आला का खडीवाल्यांचा मोर्चा!"

"मोर्चा कुठला, म्स्यू ओक्ताव्ह? एकटीच आहे."

"आमच्या वेळी खडीवरनं सायकल न्यायची म्हणजे शिक्षा. आता हौसेनं जातात, वर खास विजार शिवून घेतात!" मग त्याने थर्मासमधली चिकोरीची कॉफी मला दिली आणि पाण्याकडे बघत विचारलं, "आणि जंगल संपल्यावर? गव्हातनं जाणार?"

अजून ठरलं नाही, असं मी म्हटलं. त्याने पुढे विचारलं नाही. सगळं गाव आपल्याशी हल्ली असंच अर्धं बोलतं.

मागच्या रविवारी जंगलाच्या तोंडाशी शिकारीची पाटी लागलेली होती. नारिंगी जाकिटातला एक जण मला अडवून म्हणाला, "आज रानडुकरांचा दिवस आहे, मादाम. तुम्ही डुक्कर नाही हे मला दिसतंय, पण आमच्या जेरारला चष्मा लागलाय आणि तो लावत नाही." मी परत फिरले. म्हणून बुधवारी, शिकार नसते तेव्हा, उजाडताना गेले. हे मुद्दाम सांगते आहे. मी तुझ्यावर पाळत ठेवायला आले नव्हते.

जंगल संपतं तिथून तुझ्या कोठारापर्यंत गावची वाट होती. नकाशात ती अजूनही आहे. दोन वर्षांपूर्वी तू ती नांगरून शेतात घेतलीस. त्यात जगावेगळं काही नव्हतं, आपल्या रानात निम्म्या वाटा अशाच गेल्या. कोणी वापरत नाही, मधे येते, ट्रॅक्टर वळवावा लागतो. आईने तेव्हा ट्रॅक्टरसमोर सायकल आडवी घातली होती, आठवतं? "गहू तुझा असेल, गोत्ये. वाट गावाची आहे. मी जाते ना इथून? मग झालं तर! जोवर कोणी जातंय तोवर ती वाट आहे, विचार जा तुझ्या वकिलाला." आणि तू म्हणालास, "आई, तू एकटी म्हणजे गाव नाहीस." त्यावर ती म्हणाली, "मोजून घे, पुरेशी आहे मी." आपण सगळे किती हसलो होतो. त्या दिवशी तिने आपल्यासाठी चीजचा टार्ट केला होता आणि तुला मोठा तुकडा दिला होता.

कायदा तुला माहीत आहे. लोक वापरत असलेली वाट गावाला विकता येत नाही, वापर बंद पडला असेल तरच विकता येते. गेल्या वसंतात मेयरबाई म्हणाल्या, कागदावर व्यवस्थित करून घ्या, आणि तू विकत घ्यायचा अर्ज केलास. आता त्याची चौकशी सुरू आहे. शनिवारी सकाळी अधिकारी ग्रामसभागृहात बसतील. मेयरबाईंनी मला विचारलं, कारण आसपासच्या सगळ्या वाटा मी फिरते: "बेरांजेर, तुम्ही एवढंच लिहून द्या की ती वाट वापरात नाही. तुमच्या भावाचंच काम आहे."

ती वाट नसेल, तर माझ्या फेऱ्यातला माणूस जंगलातून निघून मोठ्या रस्त्यावर येतो आणि कोठारापर्यंत त्याच रस्त्याने जातो. तिथे पोचल्यावर नकाशावरची माझी पेन्सिल थांबली.

गोत्ये, त्या रस्त्याचं नाव आपण दोघांनीही घेतलेलं नाही. दफनाच्या दिवशीही नाही. मृतांच्या सणाआधी बाबांच्या थडग्यावर ठेवायला आई सायकलवरून शेवंतीची कुंडी घेऊन निघाली होती. धुकं होतं, साखर कारखान्याकडे बीट नेणारे ट्रक चालू होते, डांबरावर चिखल सांडलेला होता. ती रस्त्याने गेली, कारण शेतात नुकती नांगरट झाली होती आणि कुंडी जड होती. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे. ते लिहून मला तुला काही सुनवायचं नाही. की आहे? डायरीत बरेच दिवस हेच विचारते आहे. तू वाट नांगरलीस म्हणून आई गेली, असं मला वाटतं का? काही दिवशी वाटतं. तसं वाटलं की मी त्या ट्रकवाल्या मुलाला आठवते. तो रस्त्याच्या कडेला बसून रडत होता, आणि त्याचाही काही दोष नव्हता. मग माझ्याकडे दोष द्यायला कोणी उरत नाही, आणि ते जास्त कठीण जातं.

आता बुधवारचं सांगते.

गहू वीतभर आला आहे. जंगलाच्या कडेला मी उतरले आणि पाहिलं: गव्हातून, जुनी वाट होती तिथूनच, एक पट्टा सरळ कोठाराकडे गेला आहे. दबलेला, कडक झालेला. एका दिवसात तसं होत नाही. त्यावर सायकलचे ठसे होते. पुढच्या चाकाची नक्षी वेगळी, मागच्याची वेगळी. आईने पुढे तुझ्या शाळेच्या सायकलचा टायर घातला होता, चांगला टायर कशाला टाकायचा म्हणून. आणि ठशांच्या शेजारी बुटांची पावलं. सायकलवर कोणी बसलेलं नव्हतं.

मग तू दिसलास. डोक्यावर टोपी, हातात आईची सायकल. पोलिसांनी परत दिली तेव्हा तिचं चाक वाकलेलं होतं, ते तू सरळ करून घेतलं आहेस. तू तिला हळू चालवत आणलीस, जसं एखाद्या आजाऱ्याला फिरवायला आणतात. जंगलापाशी पोचल्यावर तू सायकल उचलून वळवलीस, गहू तुडवला जाऊ नये म्हणून. मी झाडामागे उभी होते. हाक मारली नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

अर्ज तू मागे का घेत नाहीस, ते मला त्या क्षणी कळलं. मागे घ्यायचा तर मेयरबाईंसमोर, सगळ्या सभेसमोर कारण सांगावं लागेल. वाट रोज चालणं सोपं आहे.

मी मेयरबाईंना हवं ते लिहून देणार नाही, कारण ते खोटं आहे. शनिवारी मी लिहीन की ही वाट वापरात आहे, ठसे ताजे आहेत, मी स्वतः पाहिले. कोणाचे ते लिहिणार नाही. ते सांगायचं असेल तर तू सांग, नसेल तर राहू दे. हा तुझ्यावर दबाव आहे का, याचाही मी विचार केला. असेल थोडा. पण शनिवारी माझं लिहिलेलं दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुला आधी माझ्याकडून कळावं, एवढं मला हवं होतं.

फेरा मी त्या पट्ट्यावरूनच आखला आहे. मंजूर होईल की नाही, माहीत नाही. शनिवारी मी सभागृहात मोटारीने जाणार नाही. कालव्यावरून निघेन, जंगलातून येईन, आणि तुझ्या गव्हातून सायकल हातात धरून कोठारापर्यंत चालत येईन. तू असशील तर तिथून बरोबर जाऊ. बोलायलाच हवं असं नाही.

आणखी एक. आईच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, ठसा फार रुंद उमटतो. तुझ्या लक्षात आलं नसेल. मी पंप घेऊन येते.

तुझी,
बेरांजेर