कडूबाचं नाव घेणारे ग्रीसचे लोक

माह्या पाठच्या भावाले, कडूबाले,

रोहिणखेडवरून तानाअक्काचा पोटभर आशीर्वाद. आशाबाईच्या अन् लेकरायच्या डोक्यावरून माहा हात फिरला असं समज. तुह्या गुडघ्याचं कसं काय आहे? निरगुडीचा पाला शेकत जाय. तू फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहून राह्यली (चवथीपर्यंत शिकलेली बाई मी, वेलांट्या तू मनानं लावून घे). माह्या धाकल्या पोराच्या, गोपालच्या लग्नातून तू भरल्या ताटावरून उठून गेला, त्याले चार सालं झाली. त्याबद्दल मले काही म्हणायचं नाही.

तर माह्या थोरल्याच्या पूनमनं (आता खामगावच्या कॉलेजात शिकवते) ग्रीस देशातले पाच जण घरी आणले. तिकडच्या खेड्यातले गाणे म्हणणारा ताफा आहे. म्होरक्याचं नाव स्तावरो. हा बारा वर्षं मोठ्या शाळेत शास्त्रीय संगीत शिकला, काळा कोट घालून शंभर वाजवणाऱ्यायसमोर हात हालवायचा, अन् ते सोडून आता गावोगावच्या म्हाताऱ्यायजवळ मांडी घालून गाणे लिहून घेते. त्याच्या मायले काय वाटत असंल, हे मी पूनमले विचाराले सांगतलं. तिनं विचारलंच नाही.

त्यायच्या एका जणाजवळ अख्ख्या बकरीच्या कातड्याची पिशवी आहे, तिच्यात फुंकून वाजवतात (पाय कुठं होते तेबी दिसते). आमचा बोकड लाल्या ते पाहून जो गुरायच्या कोठ्यात घुसला, त्यानं दिवसभर चाऱ्याले तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागली तसा माह्या डाळीवर आला. तिथूनच सगळं बिघडलं.

मी जात्यावर तुरी भरडत होती. समोर स्तावरो, मांडीवर वही, वहीत पाच पाच रेघा अन् त्यायच्यावर मुंग्यायवानी ठिपके. मायची ओवी झाली, बापाची झाली, मंग भावाची आली. जात्यावर तुले मी नेहमी घोड्यावर बसवते (तू सायकलवरून पडत होता, तवाबी घोड्यावरच बसवलं). पण त्या दिवशी तोंडातून निघालं:

धामणगावच्या वाटे, धूळ उडेना गं बाई,
कडूबा भाऊ माहा, चार सालं आला नाही.

तेवढ्यात लाल्यानं डाळीत तोंड घातलं. मी ओरडली, हाड बे लाल्या, निरा खातच राह्यते!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण आंगणात उभे राहून गायले. कडूबा, इतकं गोड, की मले रडूच आलं. उच्चार पूनमपेक्षा साफ. तुहं नाव आलं, गाव आलं, अन् लगेच त्याच सुरात, हात वर करून, 'हाड बे लाल्या'! मी जिथं खोकलली होती, तिथं त्यायची एक पोरगी बरोब्बर खोकलली. शेजारची रुखमाबाई भिंतीवरून म्हणे, "काऊन वं तानाबाई, भावाले हाड म्हणतं काय?"

मी पूनमच्या तोंडून स्तावरोले म्हटलं, बाबा, भावाचं काढ अन् बोकडाचंबी काढ. तो म्हणे, आजीनं म्हटलं तसंच राहीन, एक ठिपका हालणार नाही. मी म्हटलं, ओवी रोज बदलते. तो म्हणे, मंग नवीन म्हणा, मी नवीन लिहितो. मी बसली, खुंटा धरला, तोंड उघडलं. पण जात्यावर खोटं निघत नाही रे.

येत्या रविवारी खामगावात कॉलेजच्या मोठ्या हॉलात त्यायचा कार्यक्रम आहे. माईक लावणार आहेत. धामणगाव बढ्याचं कोणी ना कोणी येईनच. मंग ते लोक विमानानं जातीन, अन् तुहं नाव ग्रीसमध्ये.

बाकी सगळे मजेत आहोत.

तुही अक्का

ता.क. शनिवारी सकाळी येऊन जाय. तू उंबऱ्यात दिसला की मी ओवी बदलते, स्तावरो वही घेऊन बसलेलाच आहे. लुगडं-बिगडं आणू नको.

ता.क. आणखी एक. लग्नात माईकवर सगळ्या पाहुण्यायची नावं घेतली अन् तुहं राह्यलं. ती यादी गोपालनं नाही, मीच सांगितली होती. घरच्या माणसाचं नाव यादीत काय घालायचं, असं मले वाटलं. चुकलं माहं. आता खामगावात माईकवर दोनच नावं आहेत, तुहं अन् बोकडाचं. बोकडाचं काढाले स्तावरो तयार नाही. मीबी जास्त आग्रह केला नाही.