दाजींची पिकअप, माझे पाटे

मंगळवार, संध्याकाळ

दाजींनी पिकअप माझ्यावर सोपवली होती. गॅरेजात ती उंच करून घेताना मिस्त्रीनं विचारलं, "माल किती भरता? त्यावर पाटे ठरवू." मी म्हणालो, "रिकामीच फिरती की." रोज कांद्याची पोती असतात, हे माहीत असून! मला भटकायला मऊ गाडी हवी होती, म्हणून मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे हलकेच बसवून घेतले. ते अक्कलकोट रोडचे खड्डे... जाऊ दे.

आज बार्शी रोडला मागची बाजू बसली, टायर घासायला लागला. दाजींनी टायरच्या वर हात घालून बघितलं, तर बोटंही जाईनात. गुमान निम्मी पोती पाठीवरून उतरवली. तेव्हाच का नाही बोललो?

जेवताना ताईला म्हणाले, "पोरानं पाटे झ्याक बसवलेत. मीच लई भरलं."

बोटांवरचं टायरचं काळं धुऊनही निघालं नव्हतं. त्याच बोटांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. खाल्लीसुद्धा मी.